विरळा म्हणजे थोर नव्हे

शाळेच्या स्नेहसंमेलनांत नाटक बसवावयाचें ठरलें म्हणजे पात्रांची वांटणी हाच सर्वांत बिकट प्रसंग असतो, हें ज्यानें तें काम एकदां तरी अंगावर घेतलें आहे त्यास सांगावयास नको. राजा होण्यास वीस मुलें तयार असतात. भालदार होण्यास एकही नसतो. परंतु भालदार नाहीं, मंत्री नाहीं, प्रजा नाहीं, अशा रंगभूमीवर मुकुट घालून उभा असलेला मुलगा राजा दिसत नाहीं. थोड्यांचें थोडेपण नेहमींच पुष्कळांच्या आधारानें उभें असतें. हें तत्त्व मुलांस पटवून देणें किती कठीण आहे याचा अनुभव पालकांस व शिक्षकांस सारखाच आहे.

हाच जुना प्रश्न हल्लीं एका नव्या खेळाच्या रूपानें आपल्या घरांत शिरला आहे. पुण्यामुंबईस, बंगळुरास, तसेंच परदेशीं स्थायिक झालेल्या आपल्या कित्येक कुटुंबांतून मुलें सुटीच्या दिवशीं टेबलाभोवतीं जमतात. पुढ्यांत कागद, पेन्सिली आणि चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे नाना आकारांचे फांसे असतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो व एका कल्पित सृष्टीचें वर्णन करूं लागतो. बाकीचे प्रत्येकीं एकेक पात्र घेऊन त्या सृष्टींत वावरतात. ‘मी दार ढकलतों’, ‘मी पहारेकऱ्याशीं बोलतें’, असें ज्यानें त्यानें सांगावयाचें. आणि कार्य साधलें कीं फसलें याचा संशय असेल तेथें फांसा टाकावयाचा. यांत कोणी जिंकत नाहीं व कोणी हरत नाहीं. सर्वांनीं मिळून एक कथा घडवावयाची, एवढाच हेतु.

या प्रकारच्या खेळांतील आद्य व आजही सर्वांत प्रसिद्ध असा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनिव्हा या लहानशा गांवीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या दोघांनीं तो 1974 सालीं प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ति अवघ्या 1,000 प्रतींची होती. खेळासाठीं तयार सृष्टि छापील पुस्तकांत विकत मिळतात. परंतु पुष्कळ सूत्रधार स्वतःचीच सृष्टि रचतात. नकाशा काढतात, राजवंशांच्या वंशावळी लिहितात, देवदेवता कल्पितात, आणि त्या भूमीवर मनुष्याखेरीज आणखी कोणकोणत्या प्रजाति राहतात व त्या किती आहेत हें ठरवितात. येथेंच तंट्याचें मूळ आहे.

असाच एक तंटा एका परिचित एकत्र कुटुंबांतील वहिनींनीं मजकडे निवाड्यास पाठविला. घरांतील थोरल्या मुलानें दोन महिने खपून एक सृष्टि रचली. तींत नव्वद टक्के वस्ती मनुष्यांची, उरलेल्यांत बहुतेक ठेंगू. बाकी सर्व प्रजाति दुर्मिळ. पहिल्या बैठकीस चार चुलत भावंडें बसलीं, तों एकास अजगरमुखी व्हावयाचें, दुसऱ्यास शिंगें असलेला, तिसऱ्यास यंत्रपुरुष, आणि सर्वांत धाकट्या अकरा वर्षांच्या मुलीस पंखवाली. थोरला म्हणाला, “अगं, माझ्या सृष्टींत पंखवाले जवळजवळ नाहींतच. सगळेच दुर्मिळ झाले तर दुर्मिळ कोण राहिलं?” ती म्हणाली, “दादा, एखादी तर असेल ना? ती मी.” दादानें नकार दिला व ती उठून गेली. त्यानंतर दोन रविवार ती टेबलाकडे फिरकलेली नाहीं. ही मुलगी याच वर्षीं आईबापांबरोबर जर्मनींतून परत आली असून तिचें मराठी ऐकून वर्गांतील मुलें हंसतात, असेंही वहिनींनीं सहज लिहिलें आहे. मला तें वाक्य सहज वाटलें नाहीं.

निवाडा देण्यापूर्वीं या प्रश्नाचा खुद्द त्या खेळांत काय इतिहास आहे तें पाहणें बरें. 1974 च्या मूळ तीन पुस्तिकांत मनुष्याखेरीज तीनच प्रजाति खेळाडूस घेतां येत. ड्वार्फ, म्हणजे डोंगराच्या पोटांत राहणारे ठेंगू कारागीर. एल्फ, म्हणजे दीर्घायुषी वनवासी. आणि हॉबिट, म्हणजे टॉल्किन यांच्या 1937 च्या कादंबरींतून उचललेले बुटके सुखवस्तु ग्रामस्थ. या शेवटल्यांचें नांव पुढें हक्कदारांच्या हरकतीमुळें ‘हाफलिंग’ असें बदलावें लागलें. या तिघांस जन्मतःच कांहीं देणग्या असत. ठेंगूस भुयाराचा उतार व छुपे सांपळे ओळखतां येत, एल्फास गुप्त दारें सांपडत. मग मनुष्य कोण होईल? म्हणून नियमकर्त्यांनीं एक किंमत ठेविली. ठेंगू योद्ध्याची बढती सहाव्या पायरीवर थांबे, हॉबिटाची चौथ्या; एल्फ योद्धा म्हणून चौथ्या व मांत्रिक म्हणून आठव्या पायरीपलीकडे जाऊं शकत नसे. मनुष्यास मात्र मर्यादा नव्हती.

1978 च्या नियमग्रंथांत प्रजाति सात झाल्या, व त्यांच्याबरोबर कोष्टकेंही वाढलीं. कोणत्या प्रजातीस कोणती आवडते, कोणती खपते, कोणाचा द्वेष वाटतो, याचें सुद्धां एक कोष्टक होतें. स्त्री-पात्राच्या बलाची कमाल मर्यादा पुरुष-पात्राहून खालीं ठेवणारा नियमही त्यांत होता. 1979 सालीं गायगॅक्स यांनीं सूत्रधारासाठीं लिहिलेल्या ग्रंथांत मनुष्यास प्राधान्य कां, याचें कारण दिलें आहे. त्याचा आशय असा कीं, खेळणारे सर्व मनुष्यच असतात. मनुष्याचा समाज, त्याचे बाजार, त्याचे कायदे त्यांस ठाऊक असतात. तो पाया काढून टाकला तर सृष्टि उभारावयाची कशावर? हा युक्तिवाद मला विचारार्ह वाटतो. परिचिताच्या भिंतीवरच अपरिचिताचें चित्र उठून दिसतें.

परंतु हेतु चांगला असला तरी उपाय चुकीचा होता. त्यांत दोन दोष होते. पहिला असा कीं, बढतीची मर्यादा दूरच्या पायरीवर असे, आणि बहुतेक बैठका तेथवर पोंचण्यापूर्वींच मोडत. म्हणजे देणगी पहिल्या दिवशीं हातांत आणि किंमत कधींच न येणाऱ्या दिवशीं. दुसरा दोष अधिक गंभीर. जो खरोखरच वर्षानुवर्षें खेळला त्यास ही किंमत द्यावी लागे, पण ती त्याच्या कोणत्याही कृत्याबद्दल नसून केवळ त्याच्या पात्राच्या जन्माबद्दल असे. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तींत या मर्यादा काढून टाकण्यांत आल्या. 2014 च्या ग्रंथांत ठेंगू, एल्फ, हाफलिंग व मनुष्य या चार सर्वसामान्य, आणि अजगरवंशीय, नोम, अर्ध-एल्फ, अर्ध-ऑर्क व टीफ्लिंग या पांच विरळ, अशी नुसती विभागणी करून विरळ प्रजाति प्रत्येक सृष्टींत असतीलच असें नाहीं एवढेंच सांगितलें आहे. दुर्मिळता सांभाळण्याचें काम नियमाकडून निघून सूत्रधाराच्या पदरांत पडलें.

नुसत्या वर्णनानें दुर्मिळता टिकत नाहीं, याचें एक उदाहरण या खेळाच्या भक्तांत सुप्रसिद्ध आहे. 1988 सालीं आर. ए. साल्व्हाटोर यांची ‘द क्रिस्टल शार्ड’ ही कादंबरी निघाली. तींत ड्रिझ्ट नांवाचा एक कृष्णवर्णी एल्फ आहे. त्याची ज्ञाति भूगर्भांत राहणारी, क्रूर, कोळ्याच्या रूपांतील देवतेची उपासक. त्यांतून हा एकटा सत्प्रवृत्त निघून वर प्रकाशांत आला. वाचक त्यावर इतके लुब्ध झाले कीं, ठिकठिकाणच्या टेबलांवर दोन वक्र तरवारी घेतलेले, स्वजनांनीं टाकलेले, खिन्न व सद्गुणी कृष्ण-एल्फ दिसूं लागले, आणि तो थट्टेचा विषय झाला. मूळ पात्र मात्र थट्टेचा विषय नाहीं. त्याच्या भोवतीं एक ठेंगू, त्या ठेंगूनें वाढविलेली मनुष्यकन्या, एक रानटी टोळींतील तरुण व एक हाफलिंग असे भिन्नभिन्न सोबती आहेत, आणि गांवोगांवचे दरवाजे त्यास पाहतांच बंद होतात. नक्कल करणाऱ्यांनीं तरवारी घेतल्या. बंद दरवाजे घेतले नाहींत. म्हणून त्यांचा विरळेपणा फुकटचा ठरला.

तरी सूत्रधारांनीं फार भिण्याचें कारण नाहीं. 2017 सालीं ‘फाइव्हथर्टीएट’ या वृत्तसंस्थेनें खेळाडूंनीं संगणकावर तयार केलेल्या पात्रांची मोजदाद प्रसिद्ध केली. तींत मनुष्य पहिला आणि एल्फ दुसरा आला. आणि मनुष्य योद्धा, म्हणजे साध्यांतला साधा मेळ, सर्वांत अधिक निघाला. सर्व दारें मोकळीं ठेविलीं तरी बहुतेक लोक घरच्याच दारानें आंत येतात. शिवाय टेबलावरचीं चार-पांच पात्रें म्हणजे त्या सृष्टीची खानेसुमारी नव्हे. टॉल्किन यांच्या 1954-55 सालच्या महाकथेंतील नऊ सहप्रवाशांत चार हॉबिट, दोन मनुष्य, एक एल्फ, एक ठेंगू व एक मांत्रिक आहे. नवांत चार हॉबिट म्हणून त्या सृष्टींत निम्मे लोक हॉबिट आहेत असें कोणी समजत नाहीं. उलट रोहनच्या स्वारांस हॉबिट ही केवळ जुन्या गाण्यांतली गोष्ट वाटते. विलक्षण प्रवासास विलक्षण माणसें निघतात, यांत असंभाव्य कांहीं नाहीं. तेव्हां ‘सगळेच दुर्मिळ झाले’ ही थोरल्या भावाची तक्रार टेबलापुरती खरी आहे, सृष्टीपुरती खरी नाहीं.

मग सृष्टीपुरती दुर्मिळता कशी रचावी? येथें वनस्पतिशास्त्राचें एक साधन उपयोगीं पडतें. डेबोरा रॅबिनोविट्झ या अमेरिकन विदुषीनें 1981 सालीं दुर्मिळतेचे सात प्रकार दाखवून दिले. तिनें तीन प्रश्न विचारले. प्रजातीचा प्रदेश विस्तीर्ण आहे कीं आखूड? ती अनेक प्रकारच्या ठिकाणीं राहते कीं एकाच? आणि जेथें आहे तेथें दाट आहे कीं तुरळक? या उत्तरांचे आठ मेळ होतात. त्यांतील एकच सर्वार्थानें सामान्य आणि उरलेले सात या ना त्या अर्थानें दुर्मिळ. आपल्या परिचयाचीं दोन जनावरें घेऊं. वाघ भारतापासून रशियाच्या अतिपूर्वेपर्यंत आढळतो, परंतु कोठेंही गेलें तरी विरळाच. आशियांतील रानटी सिंह आज केवळ सौराष्ट्रांत उरला आहे, पण 2025 च्या गणनेंत तेथें 891 सिंह मोजले गेले. म्हणजे जगाच्या दृष्टीनें तो अत्यंत दुर्मिळ, आणि गीरमधील मालधाऱ्याच्या दृष्टीनें नित्याचा शेजारी.

हा भेद कळला कीं निम्मा तंटा मिटतो. ‘ठेंगू दुर्मिळ आहेत’ हें वाक्य अपुरें आहे. कोठें दुर्मिळ, हें सांगितलें पाहिजे. डोंगराच्या पोटांतील नगरांत मनुष्यच दुर्मिळ असेल व मुलें त्याच्या लांब पायांकडे बोट दाखवून हंसतील; बंदरावरच्या शहरांत दहा जमाती एकत्र नांदत असतील व कोणी मान वळवूनही पाहणार नाहीं. एकच पात्र सकाळीं सामान्य आणि संध्याकाळीं विरळा असूं शकतें. प्रवासाच्या खेळांत याहून चांगली सामग्री कोणती?

दुसरें, दुर्मिळतेस कारण पाहिजे. 2014 च्या ग्रंथाप्रमाणें एल्फ 750 वर्षेंपर्यंत जगतो. शंभर वर्षांच्या आंत मरणाऱ्या मनुष्याइतकीच अपत्यें त्यास होऊं लागलीं तर थोड्याच शतकांत पृथ्वीवर एल्फांखेरीज कोणी उरणार नाहीं. ज्यास एल्फ थोडे हवे आहेत त्यानें त्यांच्या घरीं पाळणा क्वचितच हलतो असें लिहिलें पाहिजे; आणि तसें लिहितांच त्यांच्या समाजाचें स्वरूप आपोआप दिसूं लागतें. एखाद्या गांवांत ऐंशी वर्षांत एकच मूल जन्मलें तर त्याला किती आज्या असतील, आणि तें रागावून घर सोडून गेलें तर किती डोळे वाटेकडे लागतील, याचा विचार एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलांस शिकवावा लागणार नाहीं.

प्रसिद्ध सृष्टींतूनही हेंच दिसतें. 1984 च्या ‘ड्रॅगनलान्स’ सृष्टींत ऑर्क मुळींच नाहींत आणि हाफलिंगांच्या जागीं केंडर नांवाची निर्भय, जिज्ञासु जमात आहे. कर्त्यांनीं वगळण्याचें धैर्य दाखविलें. 1991 च्या ‘डार्क सन’ या वाळवंटी सृष्टींत नोम नाहींत, कारण पूर्वींच्या संहारयुद्धांत त्यांचा निर्वंश झाला. तेथेंच मनुष्य व ठेंगू यांपासून गुलामगिरीसाठीं मुद्दाम पैदा केलेली ‘मल’ नांवाची प्रजाति आहे, तिला अपत्य होत नाहीं. तिसरें उदाहरण ‘एबेरॉन’चें. ही सृष्टि कीथ बेकर यांनीं रचली. 2002 सालीं मागविलेल्या अकरा हजारांहून अधिक प्रस्तावांतून ती निवडली गेली व 2004 सालीं छापली गेली. तींतील यंत्रपुरुष एका दीर्घ युद्धासाठीं भट्ट्यांतून घडविलेले. युद्ध संपल्यावरच्या तहानें त्यांस स्वातंत्र्य मिळालें, आणि त्याच तहानें नवे घडविण्यास बंदी झाली. म्हणजे आज जे आहेत तेवढेच. एक मेला कीं एक कमी. संहार, दास्य, तह, अशा कारणांतून आलेली दुर्मिळता वाचतांच मनांत प्रश्न उभे राहतात. नुसता ‘दुर्मिळ’ हा शिक्का मारल्यानें एकही प्रश्न उभा राहत नाहीं.

तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे दुर्मिळतेचा भार. संस्कृताच्या अभ्यासकास बहुविध प्रजातींची सृष्टि नवी नाहीं. अमरकोशांत विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध व भूत अशा दहा देवयोनि सांगितल्या आहेत. वाल्मीकींच्या रामायणांत मनुष्य, वानर, ऋक्ष, गृध्र व राक्षस एकाच कथेंत वावरतात. त्यांतील युद्धकांडांतला विभीषणाच्या शरणागतीचा प्रसंग प्रत्येक तरुण सूत्रधारानें वाचावा असें माझें सांगणें आहे. विभीषण चार सोबत्यांसह समुद्र ओलांडून येतो. त्याला पाहतांच वानरसेना शस्त्रें सरसावते. सुग्रीव म्हणतो हा शत्रूचा हेर, याचा वध करावा. एकेक प्रमुख आपलें मत देतो. हनुमान त्याच्या बाजूनें बोलतो. आणि शेवटीं राम त्यास आश्रय देतो. दुर्मिळ प्रजातीचें पात्र मंडळींत घ्यावयाचें म्हणजे काय, याचा संपूर्ण पाठ येथें आहे. संशय खरा आहे, चर्चा खरी आहे, आणि आश्रय देणाऱ्यानें पत्करलेला धोकाही खरा आहे.

या अमेरिकन खेळांतही राक्षस आहे. 1977 च्या त्यांच्या राक्षसकोशांत तो व्याघ्रमुखी, अंगांत भारी झगा व हातांत धूम्रपानाची नळी अशा रूपांत चित्रित केला आहे. नांव आपल्याकडचें, ध्यान तिकडचें. त्याबद्दल रागावण्याचें कारण नाहीं, शब्द देशांतरास गेले कीं वेष बदलतातच. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. त्या कोशांत राक्षस जन्मानेंच दुष्ट ठरविलेला आहे. वाल्मीकींनीं त्याच कुळांत रावण व विभीषण हे सख्खे भाऊ दाखविले.

जन्मानें गुण ठरावे कीं नाहीं, हा वाद त्या खेळांतही गेलीं कांहीं वर्षें चालू होता. 2020 सालच्या एका पुरवणी-ग्रंथानें प्रजातीस जोडलेली बलबुद्धीची वाढ खेळाडूस हवी तेथें वळविण्याची मुभा दिली. 2024 च्या नियमग्रंथांत ‘वंश’ या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द जाऊन ‘प्रजाति’ या अर्थाचा शब्द आला; प्रजाति दहा ठेविल्या; आणि बल, बुद्धि, चापल्य यांची वाढ पात्राच्या पूर्वायुष्याशीं जोडली. तें शेतकरी होतें कीं शिपाई, कारागीर कीं लेखनिक, यावरून आतां ती ठरते. ठेंगूचें विषास न बधणारें शरीर त्याच्याकडेच राहिलें. त्याचें कर्तृत्व मात्र त्यानें काय केलें यावर आलें. जुने खेळाडू कुरकुरतात कीं, यानें प्रजातींची चव गेली. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. सर्वच सर्वांसारखे झाले तर वैचित्र्य कोठून येणार? पण वैचित्र्यास भाषा आहे, आहार आहे, घरें बांधण्याची तऱ्हा आहे, मृतांस निरोप देण्याची रीत आहे. अमुक कुळांतला म्हणून बुद्धीस दोन गुण अधिक, हा वैचित्र्याचा सर्वांत आळशी प्रकार होय.

हें मी या मासिकाच्या वाचकांस बुद्ध्याच सांगत आहें. आपल्या घरांतून मुलांच्या कानांवर कळत नकळत एक वाक्य पडत असतें कीं, आपण थोडे आहों. त्याच्या शेपटीस न उच्चारलेलें दुसरें वाक्य असतें कीं, म्हणून आपण निराळे, आणि म्हणून वरचे. पहिलें वाक्य मोजदादीचें आहे. दुसरें त्यांतून निघत नाहीं. थोडे असणें ही गणिताची गोष्ट आहे, आणि गणितांत संख्येस योग्यता चिकटलेली नसते. चाळीस वर्षें वर्गांत उभें राहिल्यावर मी एवढें निश्चित सांगूं शकतों कीं, हजेरीपटावरील आडनांवावरून मुलाच्या उत्तरपत्रिकेचे गुण आधीं सांगतां येत नाहींत. मुलें खेळांत दुर्मिळ प्रजाति घेतांना तिला आपोआप श्रेष्ठ समजूं लागलीं, तर तो दोष खेळाचा नव्हे. तें आपल्याच ओसरीवर ऐकलेलें असतें.

आणि याची दुसरी बाजूही आहे. विरळा असणें हें कित्येकांस भूषण नसून एकटेपण असतें. जर्मनींतून आलेल्या त्या मुलीस पंखवाली कां व्हावयाचें आहे, याचा विचार तिच्या दादानें करावा. इतरांनीं दुर्मिळ प्रजाति शोभेसाठीं मागितली असेल. जिचें बोलणें ऐकून वर्ग हंसतो, तिला आपल्यासारखें दुसरें कोणी नसणें म्हणजे काय हें ठाऊक आहे. आणि त्या स्थितींत पंखही असूं शकतात कीं काय, हें तिला खेळून पाहावयाचें आहे, असा माझा तर्क आहे. तर्क खोटा असला तरी तिला परत बोलावण्यांत तोटा कांहींच नाहीं.

तेव्हां निवाडा असा. सृष्टि थोरल्यानें रचली, तेव्हां पंखवाले किती हें ठरविण्याचा अधिकार त्याचा. तो त्यानें सोडूं नये. त्यानें कड्यावर एकच कुटुंब ठेविलें असेल तर एकच ठेवावें. परंतु त्या कुटुंबांतील एक होण्याचा हक्क धाकटीस द्यावा. पंखवाल्या पात्रास सूत्रधार नाखूष असतात, कारण पहिल्याच दिवशीं उडतां आलें तर भिंत, दरी, नदी यांचा अडथळाच उरत नाहीं. यावर तोड 1974 च्या मूळ पुस्तिकेंतच आहे. तींत खेळाडूस जवळजवळ कांहींही होण्याची मुभा होती, अट एवढीच कीं आरंभ दुबळेपणानें करावा. कोणास ड्रॅगन व्हावयाचें असेल तर त्यानें पिलापासून सुरुवात करावी. या मुलीचें पात्रही पिलूच असावें. पंख आहेत, पण अजून उडतां येत नाहीं. उड्डाण कमवावयाचें आहे. बाकीच्या तिघांनीं या खेपेस मनुष्य किंवा ठेंगू व्हावें, व पुढील कथेंत पाळी बदलावी. मात्र थोरल्यानें एक जबाबदारी घ्यावी. त्या विस्तीर्ण सृष्टींत कोठें तरी, दूरच्या एखाद्या बाजारांत कां होईना, तिची भाषा जाणणारें एक म्हातारें माणूस ठेवावें, आणि तें तिला भेटेल असा रस्ता ठेवावा.

ज्यांच्या घरीं असा खेळ चालतो त्या वडीलधाऱ्यांनीं फांशांचा आवाज ऐकून कपाळास आंठ्या घालूं नयेत. जवळ बसून दोनचार प्रश्न विचारावे. तरुण सूत्रधारांनीं आपल्या वहींत प्रत्येक दुर्मिळ प्रजातीसमोर इतकें लिहावें. ती कोठें थोडी आहे व कोठें पुष्कळ? थोडी कां झाली? अनोळखी गांवांत तिच्यांतील कोणी संध्याकाळीं दार ठोठावलें तर घरांतील माणसें प्रथम काय करतात, आणि सकाळपर्यंत त्यांचें मन बदलतें कीं नाहीं? खेळाडूनेंही आपल्या कागदावर लिहावें कीं, आपल्या पात्रास स्वप्नें कोणत्या भाषेंत पडतात, कोणता पदार्थ त्याला कोठेंच मिळत नाहीं, आणि त्याच्या नांवाचा बरोबर उच्चार करणारें शेवटचें माणूस त्याला केव्हां भेटलें होतें. इतकें लिहून झालें म्हणजे मग फांसे टाकावे.